वाकड्या शिक्क्याचा चाकू

दोन हजार पाच-सहाच्या सुमारास आम्ही ब्रेडाला राहत होतो. मी भोसरीच्या एका कारखान्यात काही वर्षं तपासणी विभागात काढून हॉलंडला आलो होतो, आणि आइंडहोव्हनजवळच्या एका कंपनीत मशीनच्या सुट्या भागांची मापं घेण्याचं काम करायचो. बायकोला ब्रेडातच एका मालवाहतुकीच्या कंपनीत नोकरी मिळाली. म्हणून घर ब्रेडात, आणि मी रोज ट्रेननं जाऊन-येऊन.

घर म्हणजे एका विटांच्या जुन्या घराचा वरचा मजला. खाली घरमालक एकटेच राहायचे. सत्तरी ओलांडलेले, उंच, कानानं जरा अधू. आयुष्याची बरीच वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काम केलेलं. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मूलबाळ नव्हतं. बायको एकदा सहज म्हणाली, "आमच्याकडे तुमच्या वयाच्या माणसाला आजोबा म्हणतात. डचमध्ये ओपा ना?" ते गृहस्थ इतके खूश झाले, की त्या दिवसापासून दारावर टकटक करताना "ओपा आलाय" असंच सांगायला लागले. मग आम्हीही त्यांना ओपाच म्हणू लागलो.

ओपांना चाकूंचा नाद होता. सगळ्या चाकूंचा नाही, एकाच जातीचा. डचमध्ये त्याला 'व्लिंडरमेस' म्हणतात, म्हणजे फुलपाखरू चाकू. त्याची मूठ उभी दुभंगलेली असते. दोन सुटे दांडे, आणि मिटल्यावर पातं त्या दोघांच्या मध्ये दडून बसतं. दांडे बाजूला झाले की पंख उघडल्यासारखे दिसतात, म्हणून ते नाव. तरुणपणी जहाज फिलिपिन्सच्या बंदरात लागलं असताना त्यांनी पहिला घेतला, आणि मग जिथे जातील तिथे शोधत राहिले. ड्रॉइंगरूममधल्या कपाटाच्या एका खणात मखमलीवर ओळीनं मांडून ठेवलेले असायचे. असले चाकू खिशात घालून रस्त्यावर फिरायची तिथे सोय नव्हती, नियमही कडक होत चालले होते. त्यामुळे ते कधी घराबाहेर निघत नसत. ज्याला बघायचे असतील त्यानं ओपांकडे यायचं.

पहिल्यांदा तो खण उघडलेला पाहून वर आल्यावर बायको हळूच म्हणाली, "अरे, गृहस्थ आहेत की कोण आहेत हे? आपल्याकडे एक रामपुरी सापडला तरी पोलीस केस होते!"

"इंजिनिअर आहेत गं. त्यांना ते दांडे, ती पिन, ती कडी यांची गंमत वाटते."

"मग एखादं कुलूप जमवायचं ना," ती म्हणाली. पण हळूहळू तिलाही सवय झाली. रोज संध्याकाळी जेवण झालं की ओपा खुर्चीत बसून एकच चाकू उघडत-मिटत राहायचे. टक, टक-टक, असा आवाज जमिनीतून वर यायचा. घड्याळासारखा.

तो चाकू त्यांच्या पत्नीनं दिलेला होता. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ती अमेरिकेत आपल्या बहिणीकडे गेली होती. बहिणीच्या गावापासून जवळच एक छोटा कारखाना होता. त्या काळातले उत्तम फुलपाखरू चाकू तिथे बनत, आणि पुढे थोड्याच वर्षांत तो बंदही पडला. पत्नीनं तिथून स्वतः जाऊन आणलेला चाकू ओपांनी सगळ्यांत वर, वेगळ्या कापडात ठेवला होता. त्याच कारखान्याचे आणखी पाच चाकू त्यांनी नंतर जमवले. मला दाखवताना ते म्हणाले होते, "हे पाच मी घेतले. हा मला मिळाला."

एका शनिवारी फोरबर्गहून एक गृहस्थ त्यांच्याकडे आले. तेही जमवणारे, वयानं पन्नाशीतले, फार जाणकार. ओपांच्या बोलावण्यावरून मी आणि बायकोही कॉफीला खाली गेलो होतो. पाहुण्यांनी एकेक चाकू हातात घेतला, खिडकीच्या उजेडात धरला, कौतुक केलं. शेवटी ओपांनी तो कापडातला चाकू पुढे केला.

पाहुण्यांनी तो उघडला, मिटला, पुन्हा उजेडात धरला. मग चष्मा वर सरकवून त्यांनी इंग्रजीत, आम्हालाही कळावं म्हणून सावकाश सांगितलं, "वाईट वाटून घेऊ नका. पण हा त्या कारखान्यातला नाही."

"म्हणजे?" ओपांना वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"नक्कल आहे. त्या चाकूंच्या नंतर खूप नकला निघाल्या. हे बघा, पात्यावरचा शिक्का तिरका बसलाय. दांड्यांवर वजन कमी करायला भोकं पाडलेली असतात ना, त्यातलं हे तिसरं भोक सरकलंय. मिटल्यावर पातं मधोमध बसत नाही, एका दांड्याला टेकतं. ते लोक इतकं गचाळ काम करत नसत."

पाहुणे वाईट मनाचे नव्हते. सांगताना त्यांनाच अवघडल्यासारखं झालं होतं. ओपा एवढंच म्हणाले, "कॉफी आणखी?" पण किटली उचलून भरलेल्या कपातच ओतायला लागले. ते पाहून बायकोनं पटकन ती आपल्या हातात घेतली.

त्या दिवसापासून खालचा आवाज बंद झाला.

पहिले दोन दिवस आम्हाला जाणवलं नाही. मग बायको म्हणाली, "ऐकलंस? काहीच ऐकू येत नाही." मी खाली गेलो, तर ओपा टीव्हीसमोर बसलेले, टीव्ही बंद. टेबलावर तो चाकू तसाच पडला होता. तो त्यांनी खणातही ठेवला नव्हता.

"बाकीच्यांबरोबर नाही ठेवला?" मी विचारलं.

"बाकीचे खरे आहेत," ओपा म्हणाले.

मी शेजारी बसलो. थोड्या वेळानं तेच बोलायला लागले. "ती म्हणाली होती, मी कारखान्यात जाऊन आणला. आता दोनच गोष्टी असू शकतात. एक तर कुणीतरी तिला फसवलं. नाही तर ती गेलीच नव्हती. बाजारात कुठेतरी मिळाला तो घेतला, आणि मला बरं वाटावं म्हणून सांगितलं. दुसरं असेल तर मी रागावणार नाही. पण वीसेक वर्षं मी हातात घेऊन जे समजत होतो, ते तसं नव्हतं."

वर येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती भांडी पुसत होती, हातातलं थांबवून म्हणाली, "तू मोज ना तो. दिवसभर तेच तर करतोस."

"आणि मोजून नकलीच निघाला तर? मग मीही जाऊन तेच सांगायचं?"

"तर खरं सांग. पण आत्ता ते माणूस अधांतरी लटकलंय रे. त्यापेक्षा काहीही बरं."

माझं मन होत नव्हतं. कंपनीत एखादा भाग बाद ठरवला तर तो लाल पेटीत जातो आणि मी घरी येतो. इथे लाल पेटीत काय जाणार होतं ते मला दिसत होतं. पण रविवारी सकाळी पुण्याहून आणलेला माझा बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर आणि भिंग घेऊन मी खाली उतरलो. ओपांनी विरोध केला नाही, उत्साहही दाखवला नाही. त्यांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि खणातले त्याच कारखान्याचे पाच चाकू आणून ठेवले. बोटं कापू नयेत म्हणून मी प्रत्येक पात्याच्या धारेवर चिकटपट्टी लावली.

आधी बायकोनं फ्रिजवरचं लोहचुंबक काढून दांड्याला लावलं. ते टपकन चिकटलं. "हे चांगलं की वाईट?" तिनं विचारलं.

"चांगलं," मी म्हणालो. "स्वस्त नकलांचे दांडे बहुतेक जस्ताच्या मिश्रणाचे ओतीव असतात, त्यांना चिकटत नाही. हे पोलाद आहे. पण पोलादाची नक्कलही कुणी करू शकतं."

मग मी भोकांमधली अंतरं मोजायला घेतली. पाहुण्यांचं म्हणणं खरं होतं. तिसरं भोक जागेवर नव्हतं. नुसतं सरकलेलंच नव्हतं, बाकीच्यांपेक्षा थोडं मोठंही होतं. शिक्का तिरका होता. पातं एका बाजूला झुकलं होतं. ओपा माझ्या चेहऱ्याकडे बघत होते, म्हणून मी मान वर केलीच नाही. काहीतरी करायचं म्हणून बाकीचे पाचही मोजायला सुरुवात केली.

पहिल्यात सगळी भोकं बरोबर. दुसऱ्यातही. तिसरा चाकू घेतला आणि व्हर्निअरचा आकडा थोडा वेगळा आला. मला वाटलं माझाच हात हलला. पुन्हा मोजलं. तेवढाच फरक आला, एखाद्या केसाच्या जाडीएवढा, तिसऱ्याच भोकाला आणि त्याच दिशेला. नुसत्या डोळ्यांना कधीच दिसला नसता.

"ओपा," मी म्हणालो, "हे चाकू कुठल्या क्रमानं बनले ते कळतं का?"

"थोडंफार. दांडे मिटून अडकवायच्या कड्यांचा आकार त्यांनी मध्ये बदलला होता. जुन्यांची कडी गोल, नंतरच्यांची चौकोनी."

आम्ही त्याप्रमाणे चाकू लावले. गोल कडीवाले दोन, त्यांची भोकं जागेवर. मग चौकोनी कडीवाले तीन. त्यांच्यापैकी एकाचं तिसरं भोक केसभर सरकलेलं, पुढच्याचं त्याहून जास्त, तिसऱ्याचं आणखी जास्त आणि किंचित मोठं. पत्नीनं दिलेला चाकूही चौकोनी कडीचाच होता. मी तो ओळीत शेवटी ठेवला. तो बरोब्बर तिथे बसला, जिन्याच्या पुढच्या पायरीसारखा.

मला एकदम भोसरीचा कारखाना आठवला आणि मी मोठ्यानं हसलो. बायको म्हणाली, "अरे, काय झालं?"

"जिग झिजलंय!" मी मराठीतच ओरडलो. मग इंग्रजीत ओपांना सांगायला लागलो, पण त्यांना सांगायची गरजच नव्हती. इंजिनरूममधला माणूस तो. ते खुर्चीतून अर्धे उठले होते.

बायकोसाठी मी समजावून सांगितलं. "एकसारखी भोकं पाडायची असली की एक जाड पट्टी वापरतात, तिला जिग म्हणतात. तिच्यात कडक पोलादाच्या नळ्या बसवलेल्या असतात, बुश. ड्रिल त्या बुशमधून खाली उतरतं, म्हणून भोक दर वेळी त्याच जागी पडतं. पण घासून घासून एखादा बुश झिजतो. मग ते भोक हळूहळू सरकायला लागतं, मोठं व्हायला लागतं. आमच्याकडे पण असंच व्हायचं. ऑपरेटर म्हणायचा, चालतंय साहेब, अजून चालतंय."

"म्हणजे?"

"म्हणजे हे सगळे एकाच जिगवर पाडलेत. बुश झिजत गेला आणि हा शेवटी शेवटी बनला. नक्कल करणारा माणूस एक चांगला चाकू समोर ठेवून त्याची नक्कल करतो. झिजत चाललेल्या जिगची पुढची पायरी तो कुठून आणणार?"

ओपांनी माझ्या हातातलं भिंग घेतलं आणि पात्यावरचा शिक्का पाहू लागले. बराच वेळ पाहिला. मग शेजारचा चाकू घेऊन त्याचा पाहिला. "इथे बघ," ते म्हणाले. शिक्क्यातल्या एका अक्षराचा पाय खालच्या बाजूला तुटलेला होता. दोन्ही चाकूंवर तुटका, अगदी त्याच जागी. ठसा एकच होता. या चाकूवर तो फक्त वाकडा मारला गेला होता.

"मांडाख-एक्झेम्प्लार," ओपा म्हणाले. 'सोमवारचा नमुना'. सुट्टीहून परतलेल्या कामगारानं झोपेत बनवलेल्या वस्तूला डच लोक असं म्हणतात. ते हा शब्द पुन्हा पुन्हा म्हणत राहिले आणि हसत राहिले. हसता हसता ठसका लागला, तशी बायको पाणी आणायला धावली. मला खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखं वाटत होतं. खरं सांगायची वेळ आली होती, आणि खरं चांगलं निघालं होतं.

पण पाणी पिऊन झाल्यावर ओपांनी चाकू पुन्हा टेबलावर ठेवून दिला.

"खरा आहे," ते म्हणाले. "पण मग त्यांनी तिच्या गळ्यात बाद माल मारला. तिला इंग्रजी धड येत नव्हतं. चाकूंतलं काही कळत नव्हतं. काउंटरवरच्या माणसानं पाहिलं असेल, ही परदेशी बाई, हिला हाच देऊन टाकू."

बायको म्हणाली, "तिची बहीण होती ना बरोबर? तिला विचारा की."

ओपांनी हात झटकला. मग कळलं, की पत्नीच्या अंत्यविधीला ती बहीण आजारपणामुळे येऊ शकली नव्हती. ओपांनी फोनवर तिला काहीतरी लागेल असं बोलून टाकलं, आणि तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं.

"ती फोन ठेवून देईल," ओपा म्हणाले.

"ठेवू दे. मग निदान कळेल तरी, की ठेवला," बायको म्हणाली. तिचं हे नेहमीचंच.

त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी फोन लावला. अमेरिकेत तेव्हा दुपार होती. कानांचा प्रश्न असल्यानं फोन स्पीकरवर होता. माझं डच कच्चं, बायकोनं मात्र क्लास केला होता, त्यामुळे ती माझ्या कानाशी हळू आवाजात मराठीत सांगत होती.

पलीकडून एका म्हाताऱ्या बाईंचा आवाज आला. ओपांनी आपलं नाव सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "तू बरा आहेस ना? काही झालंय का?"

"नाही, नाही. मी बरा आहे." ओपा घाईघाईनं बोलत होते. "तू तेव्हा आली नाहीस म्हणून मी जे बोललो, ते मी बोलायला नको होतं."

"नको होतं," त्या म्हणाल्या. "पण तू फोन केलास."

बायकोनं माझा दंड घट्ट धरला होता. मग ओपांनी चाकूचं विचारलं.

त्या हसायलाच लागल्या. "तो वाकडा चाकू? तुझ्याकडे आहे अजून? अरे, तो तर ते विकायलाच तयार नव्हते! कारखान्याच्या दाराशी एका खोक्यात बाद माल पडला होता, त्यात तिनं हात घातला. तिथला माणूस म्हणाला, बाई, हा विकायचा नाही, तो बिघडलाय, आत या, चांगले दाखवतो. तर ही ऐकेचना. मी तिला म्हटलं, अगं, नवऱ्याला भेट देणार आणि बिघडलेला देणार? तर म्हणते कशी, चांगला दिला तर तो दोन दिवस बघेल आणि खणात ठेवून देईल. याच्यात काय बिघडलंय ते शोधत बसेल. शोधत बसला म्हणजे घरी तरी राहील."

ओपा फोनकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण चेहरा हसरा होता.

"मग तिनं मला कधी सांगितलं का नाही?" त्यांनी विचारलं.

"तू कधी विचारलंस का, की हा वाकडा का आहे?"

ओपा म्हणाले, नाही विचारलं. तो वाकडा आहे हे त्यांना अगदी पहिल्या दिवशीच दिसलं होतं, पण त्यावरून तो बाद माल असेल असं कधी मनात आलं नव्हतं. पत्नीला वाईट वाटेल म्हणून ते बोलले नव्हते. जहाजावरून सुट्टीवर आले, की खोलून पिन थोडी घट्ट करून बघत, दांडा किंचित वाकवून बघत, आणि पातं मधोमध येतंय का ते पाहत. ते कधी आलं नाही. पुढे त्यांनी लांबच्या फेऱ्या सोडल्या आणि रॉटरडॅमच्या गोदीत काम घेतलं. त्यात चाकूचा हात किती ते त्यांनाही सांगता येत नव्हतं.

फोन खूप वेळ चालला. चाकूचा विषय कधीच मागे पडला होता. आम्ही दोघं दार ओढून घेऊन वर आलो. भाताचा कुकर लावता लावता बायको म्हणाली, "बरं झालं बाई मोजलंस." त्या रात्री आम्ही दोघं शांत झोपलो. नंतरच्या आठवड्यात संध्याकाळी खालून पुन्हा टक-टक ऐकू यायला लागलं.

फोरबर्गचे गृहस्थ पुन्हा आले, ओपांनीच बोलावलं होतं. त्यांनी सहाही चाकू ओळीत लावून भिंगानं पाहिले. माझ्या व्हर्निअरनं स्वतःही दोन-तीन मापं घेतली. मग सरळ म्हणाले, "मी चुकलो. मी नेहमी बघतो, की वस्तू किती निर्दोष आहे. दोष कुणाचा आहे हे बघायला पाहिजे होतं." आणि जरा घुटमळून त्यांनी विचारलं, की ओपा हा चाकू विकायचा विचार करतील का. बंद पडलेल्या कारखान्याचा बाद झालेला चाकू सहसा बाहेर येत नाही, त्यामुळे जमवणाऱ्यांना त्याचं फार अप्रूप असतं. ओपांनी नुसती नकारार्थी मान हलवली आणि कॉफी ओतली. या वेळी रिकाम्या कपात.

पुढच्या उन्हाळ्यात त्या मेहुणीबाई हॉलंडला आल्या. त्यांना आणायला स्किपोल विमानतळावर मी ओपांबरोबर ट्रेननं गेलो होतो. छोट्या चणीच्या, काठी टेकत चालणाऱ्या बाई. ओपांना बघून त्या आधी रागानं काहीतरी बोलल्या आणि मग त्यांच्या गळ्यात पडल्या. दुसऱ्या दिवशी बागेत कॉफीला आम्ही सगळे होतो. त्या म्हणाल्या, "बघू तरी तो चाकू."

ओपांनी आणून त्यांच्या हातात दिला, मिटलेलाच. त्यांनी तो उलटा-सुलटा केला, कडीशी खटपट केली, दांडे ओढून पाहिले.

"तिच्याबरोबर मी तासभर त्या कारखान्याच्या दाराशी उभी होते," त्या म्हणाल्या, "आणि हे मेलं उघडतं कसं, ते मला अजून माहीत नाही."

ओपा उठून त्यांच्या खुर्चीमागे गेले, वाकून त्यांची बोटं एका दांड्यावर नीट बसवली आणि म्हणाले, "हा सुरक्षित दांडा, याच्या बाजूला धार येत नाही. हा सोडायचा नाही." बायकोनं टेबलावरचे कप आपल्याकडे ओढून घेतले.